गाठ लव्हाळ्याशी आहे

“नुसतं गवत तर काढायचंय!”

हे वाक्य मी यंदा होळीपासून आर्द्रा लागेपर्यंत ऐकत होते. शेजारच्या काकांनी कुंपणावरून ऐकवलं, नणंदेने फोनवर ऐकवलं, रोपवाटिकेतल्या मुलाने रोपांच्या पिशव्या दाखवता दाखवता ऐकवलं. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण वाक्य चार शब्दांचं आहे आणि त्यातल्या तीन शब्दांबद्दल माझी तक्रार आहे. ‘तर’ सोडला तर एकही शब्द जागेवर नाही. मी चार महिने त्या कामात घालवले आहेत, त्यामुळे ही तक्रार नीट, क्रमाने मांडण्याचा मला हक्क आहे असं मी समजते.

आधी वाफ्याबद्दल सांगते. पुण्यात आमच्या घराच्या पूर्वेला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बारा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा आहे. सासूबाईंनी तो बावीस वर्षं सांभाळला. दोन मोगरे, अबोलीची रांग, एका टोकाला गवती चहा, दुसऱ्या टोकाला ओवा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखाना, औषधं, व्यायाम, रात्रीची जागरणं यात आम्हा कुणाचंच त्या खिडकीबाहेर लक्ष गेलं नाही. दोन पावसाळे वाफा आपल्या मनाने वाढला. अबोली गेली, ओवा गेला, मोगऱ्याच्या वाळक्या काटक्या उरल्या. यंदा आई काठी घेऊन पायरीपर्यंत यायला लागल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अगं, एवढा वाफा तरी मोकळा करूया.” त्यांनी ‘मोकळा’ म्हटलं. हा शब्द बरोबर आहे. चुकीचे शब्द बाकीच्यांनी वापरले.

पहिला चुकीचा शब्द ‘गवत’.

त्या अठ्ठेचाळीस चौरस फुटांत मी पाट टाकून बसले आणि काय काय उगवलंय ते मोजलं. नऊ जाती भरल्या. त्यांतलं खरं गवत एकच, हरळी. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याचा फुलाचा दांडा बोटांत धरून फिरवला तर तीन कंगोरे हाताला लागतात. गवताची काडी अशी तिकोनी नसते. गाजरगवत नावापुरतं गवत, कूळ त्याचं सूर्यफुलाचं. उरलेले म्हणजे केना, घोळ, आंबुशी, काटेमाठ, आघाडा आणि एकदांडी. या नऊंना एका शब्दात बांधलं की माणूस नऊंना एकच उपाय सांगतो, आणि तो उपाय नऊंपैकी फार तर तिघांना लागू पडतो. माझ्या निम्म्या त्रासाचं मूळ इथे आहे.

घोळ उपटून वाफ्यावरच टाकला तर त्याची मांसल काडी कित्येक दिवस हिरवी राहते आणि पाण्याचा शिंतोडा मिळाला की पुन्हा मूळ धरते. म्हणून घोळ उचलून वाफ्याबाहेर न्यावा लागतो. आंबुशीची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी हातभर लांब उडतं. ती शेंग धरण्याआधी काढावी लागते. आघाड्याची उलट्या तोंडाची फळं पदराला चिकटतात आणि आपणच ती दुसऱ्या वाफ्यात नेऊन पेरतो. केना तर जमिनीखालीही फुलतो. ओल्या मातीतून तो हलक्या हाताने वर ओढला की मुळांजवळ पांढुरक्या, न उमललेल्या कळ्या लोंबताना दिसतात, आणि तिथेच, मातीच्या आत, त्याचं बी तयार होतं. वरचा निळा केना खुडून “झालं साफ” म्हणणाऱ्याने त्याला हातही लावलेला नसतो. ज्या झाडाने दोन मजल्यांवर संसार थाटलाय त्याला ‘गवत’ म्हणणं हा त्याच्यावर आणि त्याला काढणाऱ्यावर, दोघांवरही अन्याय आहे.

हा फरक मला आमच्या मावशींनी शिकवला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला गेलेल्या. मी सरसकट उपटायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “ताई, घोळ हाय ह्यो. टाकायचा न्हाई.” त्यांनी घोळाची कोवळी शेंडं वेगळी केली, काटेमाठाची काटे न धरलेली पानं वेगळी केली, केन्याची चार मोठी पानं भज्यांसाठी काढून ठेवली. उरलेल्याचे दोन ढीग केले. एक खताच्या खड्ड्यात जाणारा, दुसरा उन्हात वाळवायचा. त्यांच्या लेखी त्या वाफ्यात ‘गवत’ नावाची वस्तूच नव्हती. प्रत्येकाला नाव होतं आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती.

गाजरगवताबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण ते पुणेकरांच्या घरचं दुखणं आहे. हे तण आपल्याकडे पसरू लागल्याची शास्त्रीय नोंद झाली ती १९५०च्या दशकात आणि ती पुण्यातच. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं, चटकचांदणी म्हटलं. एकेका झाडाला हजारोंनी बी येतं. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतो, परागकणांनी दम लागतो. बंदोबस्तासाठी मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा १९८४ साली बंगळुरूला सोडण्यात आला आणि तो पुढे देशभर पसरला. पावसाळ्यात तो पानांची चाळण करतो. पण कोरड्या महिन्यांत तो जमिनीत झोपलेला असतो, म्हणजे मी वाफा साफ करत होते तेव्हा त्याची मदत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी हातमोजे घातले, तोंडाला ओढणी बांधली आणि पांढऱ्या चांदण्या उमलण्याआधी चौतीस झाडं मुळासकट काढली. कुंपणापलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. त्याचे मालक परगावी असतात. तिथे गाजरगवत छातीभर वाढतं, फुलतं आणि वाऱ्यावर बी पाठवतं. मी दरवर्षी माझ्या बाजूने साफ करायचं आणि दरवर्षी पलीकडून नवं यायचं, हा हिशेब मला मान्य नाही. रिकाम्या जागेच्या मालकावर तण काढण्याची जबाबदारी असते हे आपण मानायलाच हवं. जमीन कोऱ्या सातबाऱ्यासारखी पडून राहत नाही. तिच्यावर काहीतरी उगवत असतं आणि ते शेजाऱ्याच्या अंगणात उतरतं.

दुसरा चुकीचा शब्द ‘काढायचंय’.

होळी झाल्यावर मी एक माळी बोलावला. त्याने वाफ्याकडे एकदा पाहिलं, “दोन तासांचं काम” म्हणाला आणि खरोखर दोन तासांत संपवलं. कुदळीने सगळी माती उलटीपालटी केली, वरचा पाला गोळा केला, फळीने सपाट केलं, पाणी शिंपडलं, पैसे घेतले. वाफा पापड लाटायच्या पोळपाटासारखा दिसत होता. आई पायरीवर बसून कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. आठव्या दिवशी मातीवर हिरव्या सुया दिसल्या. बाराव्या दिवशी वाफा आधीपेक्षा दाट होता, आणि आता त्यात जवळपास एकच वनस्पती होती.

गाठ लव्हाळ्याशी होती.

लव्हाळा समजून घ्यायचा असेल तर खुरपं बाजूला ठेवून बोटांनी माती उकरावी. वर चकचकीत हिरवी तीन-चार पानं. मातीत शिरलं की पानांच्या बुडाशी फुगीर गड्डा. त्यातून निघणारा तारेसारखा चिवट धागा. धाग्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढी काळपट गाठ. गाठीतून पुढे पुन्हा धागा, पुन्हा गाठ. अशी माळ. गाठ नखाने कापली की आत पांढरी आणि वास सुंदर, औषधी. आयुर्वेदात तिला मुस्ता म्हणतात. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच गोतावळ्यातला. या माळेचा एक नियम आहे. टोकाकडची गाठ जागी असते तोवर मागच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. माळ तुटली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र होतो आणि झोपलेले डोळे उघडतात. कुदळीने माती उलटीपालटी करणं म्हणजे ही माळ शंभर ठिकाणी तोडणं. त्या माळ्याने दोन तासांत माझा लव्हाळा काढला नाही, लावला. जगातल्या वाईटात वाईट तणांवर लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ग्रंथ लिहिला. त्यात पहिला क्रमांक या लव्हाळ्याला दिला आहे. ज्याला सगळ्या जगाने पहिल्या नंबरावर बसवलंय त्याला दोन तास पुरतात असं सांगणं ही फसवणूक आहे, मग ती अज्ञानातून झालेली का असेना.

तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचं उदाहरण केलं आणि आपण ते शाळेपासून ऐकत आलो. वाफ्यात बसल्यावर त्या दाखल्याचा खालचा अर्धा भाग मला कळला. लव्हाळा वाकू शकतो, कारण त्याची सगळी पुंजी जमिनीखाली आहे. वरची पानं गेली तर त्याचं फारसं काही जात नाही. म्हणून वरून केलेलं कुठलंही काम त्याच्यावर चालत नाही.

मग मी आणि मावशींनी नव्याने सुरुवात केली. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवायचा. सकाळी उन्हाआधी दीड-दोन तास बसायचं. चार दातांच्या पंजाने माती खालून सैल करायची, कापायची नाही. मग खुरप्याचं टोक पानाच्या बुडाशी खोल घालून धाग्याच्या दिशेने हळूहळू जायचं, आणि माळ सगळी हाताला येईपर्यंत ओढायचं नाही. पहिल्या सकाळी दोन हात जागा झाली आणि घमेल्यात २१७ गाठी पडल्या. मी मोजल्या, कारण ‘नुसतं’ म्हणणाऱ्या पुढच्या माणसाला मला आकडा सांगायचा होता. बहुतेक गाठी वितीच्या आत होत्या, काही त्याहूनही खाली. त्या गाठी गच्चीवरच्या पत्र्यावर पसरल्या. चैत्राच्या उन्हात त्या सुरकुतल्या, हलक्या झाल्या, हलवल्या की खडखड वाजायला लागल्या. अशी वाजल्याशिवाय गाठ मेली असं धरायचं नाही, हे मावशींचं मोजमाप.

हरळीचं तंत्र निराळं. ती वरूनही पळते आणि खालूनही, आणि प्रत्येक पेराला मूळ सोडते. वाफ्याच्या कडेला विटा लावल्या होत्या. हरळी विटांच्या सांध्यांतून आत शिरली होती, म्हणून सगळ्या विटा उचलाव्या लागल्या. भाद्रपदात याच हरळीच्या दुर्वा खुडायला आळीतली सगळी मुलं येतात आणि मला ते आवडतं. त्यांच्यासाठी मी एका फुटक्या पिंपात हरळी वेगळी लावून ठेवली आहे. ती तिथे राहो. वाफ्यात तिची एक कांडीसुद्धा राहता कामा नये.

या दिवसांत मला मिळालेले सल्ले मी वहीत लिहून ठेवले आहेत. मीठ टाका. उकळतं पाणी ओता. व्हिनेगर मारा. डिझेल शिंपडा. औषध मारा. सांगणाऱ्याने स्वतः कधी केलेलं नसतं, हे सगळ्या सल्ल्यांत समान होतं. मिठाने पानं करपतात, पण ते मातीत राहतं. आमच्या काळ्या, चिकण मातीत सोडियम गेला की तिची घडण मोडते, ती पावसात चिखल होते आणि उन्हात दगड होते, मग तिथे मोगरा काय, काहीच नीट येत नाही. उकळतं पाणी वरच्या इंचभर मातीतली रोपटी मारतं, गांडुळं मारतं आणि वीतभर खालच्या गाठीला त्याची वार्ताही नसते. डिझेलबद्दल बोलायची माझी इच्छा नाही. ‘औषध’ या शब्दाने लोक ज्या ग्लायफोसेटची शिफारस करतात त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ साली काढली होती. ते कुंपणावरून सुचवण्याची गोष्ट नाही. तणनाशकाला ‘औषध’ म्हणणं मुळातच बंद करावं. औषध आजाऱ्याला वाचवण्यासाठी असतं.

मातीत तणाखेरीज जे निघालं त्याचीही तक्रार करायची आहे. फरशीचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वायरीची टोकं, बांगड्यांच्या काचा, एक स्टीलचा चमचा. घराची डागडुजी झाली तेव्हा कामगारांनी घमेली आणि डिस्टेंपरचे डबे याच वाफ्यावर धुतले होते. फरशी सापडली की ती उचलून टाकता येते. खरा छळ केला तो प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याच्या धाग्यांनी. कधीतरी कुणीतरी खताचं पोतं तिथे टाकलं असणार. उन्हाने ते कुजलं नाही, फक्त उसवलं. त्याचे पांढरे, चपटे धागे हातभर लांब मातीत शिरले होते. खुरपं आत घातलं की धागा पात्याला गुंडाळायचा. ओढला की तुटायचा. तुटला की अर्धा आत राहायचा. लव्हाळ्याचा धागा आणि पोत्याचा धागा मातीत बोटांना सारखेच लागतात. एका सकाळी मी पाऊण तास एका माळेचा माग काढला आणि शेवटी हातात पोतं आलं. लव्हाळ्याच्या धाग्याला निदान शेवट असतो आणि वाळवला तर तो मरतो. पोत्याला तेही नाही. जी वस्तू आपल्याला मातीतून परत काढता येत नाही ती मातीवर टाकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि खुरपं. दुकानातून आणलेलं रंगीत मुठीचं खुरपं तिसऱ्या दिवशी एका दगडाला लागून वाकलं. मावशींचं खुरपं गावच्या लोहाराने घडवलेलं. पातं झिजून मूळच्या निम्मं उरलेलं, धार निळसर, लाकडी मूठ त्यांच्या तळहाताच्या आकाराची झालेली. ते आत जाताना आवाज करत नाही. मी तसं मिळवायला चार दुकानं फिरले. प्रत्येक दुकानात फवारे, रंगीत कुंड्या, झुलत्या टोपल्या, सगळं होतं. नीट खुरपं एकाकडेही नव्हतं. बागकाम ज्याच्यावाचून सुरूच होत नाही ती वस्तू बागकामाच्या दुकानात मिळत नाही, याला मी छोटी गैरसोय म्हणणार नाही. शेवटी आठवडी बाजारात मिळालं.

गाठी वेचून झाल्यावर एप्रिलच्या मध्याला मी वाफा भरपूर भिजवला आणि त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चारी कडा मातीत दाबल्या. उन्हाने माती तापवण्याची ही पद्धत इस्राएलमध्ये याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात रुजवली. आपल्या वैशाखाला ती फार मानवते. ओल्या मातीत उष्णता खोल जाते, म्हणून आधी भिजवायचं. प्लॅस्टिक मातीला चिकटून बसलं पाहिजे, मध्ये हवा नको. दुकानदार काळं प्लॅस्टिक द्यायचा हट्ट धरून बसला होता, “सगळे काळंच नेतात.” लव्हाळ्याच्या बाबतीत हे सपशेल चुकीचं आहे. काळ्याखाली अंधार असल्यामुळे त्याचा कोंब सुईसारखा टोकदार राहतो आणि प्लॅस्टिक भोसकून वर येतो. पारदर्शकाखाली उजेड लागतो, कोंब तिथेच पानं उघडतो आणि तापलेल्या प्लॅस्टिकखाली होरपळतो. मी हे दुकानात उभी राहून समजावलं. मागच्या गिऱ्हाइकांना खोळंबा झाला, पण त्यांच्यातल्या एका बाईंनी पारदर्शकच नेलं.

पाच आठवडे ते झाकण टिकवायचं होतं. मांजर त्यावरून गेलं, तेव्हा चार भोकं चिकटपट्टीने बुजवली. क्रिकेटचा चेंडू दोनदा पडला. काका विचारून गेले, “रिकामाच ठेवलाय का अजून?” वाफा रिकामा नव्हता. त्याचं काम चालू होतं.

मेच्या शेवटी वळीव पडला आणि झाकण काढलं. लव्हाळा संपूर्ण मेला नव्हता. खोलवरच्या काही गाठी राहतातच आणि तसं नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण हिरव्या सुया मोजक्या होत्या, अकरा. आता दोन दिवस थांबायचं होतं. वाफसा यायला हवा होता. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा, चपटा बसला तर अजून ओल. ओल्यात हात घातला की काळ्या मातीची ढेकळं होतात आणि ती वर्षभर पुरतात.

वाफशावर त्या अकरा सुयांचा गाठीपर्यंत माग काढला. मग माती न उकरता पुन्हा थांबले, कारण मातीत बीही असतं आणि ते किती वाट पाहू शकतं याला सुमार नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ साली वीस बाटल्यांत तणांचं बी घालून जमिनीत पुरलं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरली जाते. २०२१ साली काढलेल्या बाटलीतलंही काही बी रुजलं. दर खणण्याबरोबर खालचं बी वर उजेडात येतं आणि उगवतं. म्हणून वाफा तयार झाला की तो खणायचा नाही. वरचं उगवू द्यायचं आणि दोन पानांवर असताना खुरप्याने नुसतं खरवडायचं. इथे मी ‘नुसतं’ वापरते, कारण इथे तो शब्द खरा आहे. अशा दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत पहिलीच्या पाव भागही उगवलं नाही.

या सगळ्यानंतर घाई करून खत विकत घेतलं तर मेहनत पाण्यात जाते. दारावर आलेल्या टेंपोतलं शेणखत मी परत पाठवलं. हात घातल्यावर आत ऊब होती आणि काडी काडी ओळखू येत होती. न कुजलेल्या शेणखतातून गुराने खाल्लेल्या तणाचं बी जसंच्या तसं येतं. कुजलेलं खत हाताला थंड लागतं, भुरभुरीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. लाल मातीच्या पोत्याबद्दल तर मला जाहीर सांगायचंय की चाळल्याशिवाय ते वाफ्यात ओतू नका. मी रोपवाटिकेतून आणलेलं एक पोतं चाळलं आणि चाळणीत लव्हाळ्याच्या गाठी उरल्या. लोक पैसे देऊन हे तण घरी आणतात आणि मग नशिबाला दोष देतात.

आता तिसरा शब्द. ‘नुसतं.’

एका सकाळी मावशींना मी विचारलं की भांगलणीला दिवसभर असंच उकिडवं बसायचं का. त्या म्हणाल्या, “मंग काय? पात धरली की बांधापातुर सरकायचं. ऊस मोठा झाला की पानं डोळ्यांत जात्यात.” पुरुषांची हजेरी किती आणि बायकांची किती, हेही त्यांनी सांगितलं. बाईची कमी. का, तर पुरुष नांगरतो, औत हाकतो, पाणी धरतो, आणि बाई नुसतं भांगलते. तोच शब्द. आपल्या रानांत खुरपणी, निंदणी, भांगलण मुख्यतः बायका करतात. कणसाचा दाणा भरतो तो त्यांच्या बसण्यामुळे, आणि सातबाऱ्यावर, पावतीवर, बाजाराच्या पट्टीवर त्याचा उल्लेख कुठे नसतो. माझा वाफा दोन खाटांएवढा. त्यांनी बसून बसून किती एकर काढले असतील त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझी कुंपणावरच्या वाक्यावरची चीड तोवर माझ्यापुरती होती. त्या सकाळपासून ती मावशींच्या वतीनेही आहे.

वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला आणि तेव्हापासून दर जुलैत आपण रोपं लावतो. ते चांगलंच आहे. पण रोप लावायला पाच मिनिटं लागतात, आणि पुढे तीन वर्षं त्याच्या बुंध्याशी कुणी खुरपं घेऊन बसलं तरच त्याचं झाड होतं. लावणाऱ्याचा फोटो निघतो. बसणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. माझी सूचना साधी आहे. जिथे जिथे लावल्याची तारीख लिहिली जाते तिथे जागा साफ केल्याची तारीख आणि करणाऱ्याचं नाव आधी लिहावं.

आर्द्रा लागल्यावर आम्ही लावलं. खिडकीसमोर दोन मोगरे, पुढे मिरची आणि वांगी, कडेने झेंडू, मधल्या मोकळ्या जागेत चवळी. चवळी खाण्यासाठी आहेच, पण मुख्य म्हणजे तिची सावली लव्हाळ्याला सोसत नाही. बुंध्याशी वाळक्या पानांचं जाड आच्छादन घातलं. आईंनी पायरीवर बसून झेंडूची रोपं एकेक करून माझ्या हातात दिली आणि मावशींनी प्रत्येक रोपाभोवतीची माती अंगठ्याने दाबली. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं होतं.

परवा काका कुंपणाशी आले. मोगऱ्याला नवी पालवी होती, चवळी पसरली होती. “वा, छान झालाय की वाफा,” ते म्हणाले. “कधी लावलंत?”

“मार्चमध्ये,” मी म्हणाले.

त्यांनी वीतभर मिरच्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांना आत बोलावलं, पाट दिला आणि पत्र्यावर वाळलेल्या गाठींचं घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं.